लुइझियानाचा सातबारा: १८०३ मध्ये अमेरिकेने नेमकं काय विकत घेतलं?

२०१९ मध्ये ट्रंप तात्यांनी ग्रीनलँड विकत घ्यायची गोष्ट पहिल्यांदा काढली तेव्हा सगळे हसले, २०२५ मध्ये परत काढली तेव्हा हसणं जरा कमी झालं. आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी विचारलं, "अरे पण असा प्रदेश विकत घेता येतो का? नोंद कुठल्या तलाठ्याकडे करायची?" सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले, पण मला वाटतं प्रश्न एकदम मुद्द्याचा होता, कारण अमेरिकेने हे आधी केलेलं आहे, आणि तेव्हाही घोळ सगळा नोंदीचा, ताब्याचा आणि विकणाऱ्याचा हक्क काय याचाच होता. म्हणून आज लुइझियाना खरेदीबद्दल. ज्यांनी गावाकडे जमिनीचा एखादा व्यवहार जवळून बघितलाय त्यांना हे पटकन कळेल.

आधी व्यवहार काय ते

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून, म्हणजे नेपोलियनकडून, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अवाढव्य पट्टा घेतला. साधारण ८,२८,००० चौरस मैल, म्हणजे २१ लाख चौरस किलोमीटरच्या वर. आपली सात महाराष्ट्रं त्यात बसतील. आजची १५ अमेरिकन राज्यं पूर्ण किंवा थोडीफार त्यातून निघाली, त्यामुळे नावावर जाऊ नका, आजचं लुइझियाना राज्य हा त्याचा एक छोटा तुकडा आहे. किंमत दीड कोटी डॉलर. एकरी तीन सेंटच्या आसपास पडलं. आणि अमेरिका एका सहीत जवळजवळ दुप्पट झाली.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. पण दीड कोटीत नेमकं काय मिळालं, जमीन की जमिनीचा कागद?

सगळं सुरू झालं एका गोदामावरून

तेव्हाची अमेरिका म्हणजे अटलांटिक किनाऱ्यापासून मिसिसिपीपर्यंत, बस्स. मध्ये अ‍ॅपलाशियन डोंगर. डोंगराच्या पलीकडे केंटकी, टेनेसी, ओहायोमध्ये लोक जाऊन शेती करायला लागले होते, पण माल विकायचा कुठे? पिठाची पिंपं, तंबाखू, खारवलेलं डुकराचं मांस, व्हिस्की, हे सगळं बैलगाडीने डोंगर चढवून पूर्वेला न्यायचं म्हणजे भाड्यातच सगळे पैसे जाणार. त्यापेक्षा नदी बरी. मोठमोठे सपाट तराफे बांधायचे, माल भरायचा आणि प्रवाहाबरोबर सोडून द्यायचं, ओहायो नदीतून मिसिसिपीत आणि तिथून थेट खाली न्यू ऑर्लिन्सला. तिथे माल उतरवला की तराफा मोडून लाकूडसुद्धा विकून टाकायचे, कारण प्रवाहाविरुद्ध तो वर येणार कसा? आणि माणसं चालत किंवा घोड्यावरून घरी. शेकडो मैल.

आता अडचण अशी की न्यू ऑर्लिन्स स्पेनचं होतं. तराफ्यावरचा माल समुद्रात जाणाऱ्या जहाजात चढवेपर्यंत कुठेतरी ठेवायला लागतो ना, तर तसा तो जकात न भरता तिथे उतरवून ठेवायचा हक्क अमेरिकेला स्पेनबरोबरच्या १७९५ च्या तहात मिळाला होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने हा हक्क अचानक बंद केला. म्हणजे समजा कांद्याच्या सीझनमध्ये बाजार समितीने गेटच लावून घेतलं तर काय होईल, तसं झालं. पश्चिमेकडचे शेतकरी बंदुका घेऊन न्यू ऑर्लिन्सवर जाऊ म्हणायला लागले, आणि विरोधी पक्षाचे फेडरलिस्ट लोक तर युद्धच करा म्हणून ओरडत होते.

त्यात अजून एक बातमी फुटलेली. स्पेनने १८०० मध्येच गुपचूप करार करून लुइझियाना फ्रान्सला परत द्यायचं ठरवलं होतं. (परत, कारण १७६२ पर्यंत ते फ्रान्सचंच होतं.) मोबदल्यात स्पेनच्या राजाच्या जावयाला इटलीत एक राज्य. म्हातारा, थकलेला स्पेन शेजारी असणं वेगळं आणि नेपोलियन शेजारी असणं वेगळं. प्रेसिडेंट थॉमस जेफरसन तसा फ्रान्सचा चाहता माणूस, पण त्यानेही लिहिलं की जगात एक जागा अशी आहे की ती ज्याच्या हातात असेल तो आपोआप आमचा शत्रू, ती जागा म्हणजे न्यू ऑर्लिन्स.

म्हणून त्याने पॅरिसमधला अमेरिकेचा राजदूत रॉबर्ट लिव्हिंग्स्टन याच्या जोडीला जेम्स मन्रोला पाठवलं. लक्षात घ्या, त्यांना सांगितलेलं काय होतं? न्यू ऑर्लिन्स शहर आणि जमलं तर फ्लोरिडा, एक कोटी डॉलरपर्यंत. नदीच्या पश्चिमेचा तो अवाढव्य पट्टा यादीत नव्हताच. दुकानाचा गाळा घ्यायला गेले आणि अख्खा तालुका घेऊन आले.

मग नेपोलियनने विकलं कशाला, वेडा होता का?

नाही. आणि इथे ज्यांचं नाव सहसा कोणी घेत नाही ते लोक येतात, हैतीचे गुलाम.

कॅरिबियन समुद्रातलं सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती, ही फ्रान्सची सोन्याची कोंबडी होती. साखर आणि कॉफी, आणि त्यासाठी राबणारे जवळपास पाच लाख गुलाम. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि तूसँ लुव्हर्त्यूर नावाच्या माणसाने, जो स्वतः गुलाम म्हणून जन्मला होता, तिथे सत्ता उभी केली. नेपोलियनचा प्लॅन असा की हैती परत ताब्यात घ्यायचं आणि बेटांवर सगळीकडे ऊसच असल्यामुळे त्यांना लागणारं धान्य, लाकूड, मांस लुइझियानातून पुरवायचं. म्हणजे हैती हा कारखाना आणि लुइझियाना हे त्याचं कोठार. कारखानाच नसेल तर कोठार घेऊन काय करायचं?

१८०१ च्या अखेरीस त्याने सख्ख्या मेहुण्याला, जनरल लक्लेरला, मोठं सैन्य देऊन पाठवलं. तूसँला बोलणी करायच्या नावाखाली पकडून फ्रान्सला नेलं आणि एप्रिल १८०३ मध्ये तो तिथल्या डोंगरातल्या थंडगार किल्ल्यात मेला. पण तोपर्यंत लोकांना कळून चुकलं होतं की फ्रेंचांना गुलामगिरी परत आणायचीय, मग ते असे लढले की विचारू नका, आणि सोबतीला पीतज्वर. हजारो सैनिक गेले, नोव्हेंबर १८०२ मध्ये लक्लेर स्वतः गेला. तिकडे लुइझियानाचा ताबा घ्यायला निघायचं आरमार हॉलंडच्या बंदरात बर्फात अडकून बसलं होतं. आणि इंग्लंडबरोबर परत युद्ध पेटणार हे दिसत होतंच. आरमारात इंग्रज भारी, म्हणजे लुइझियाना ते एका झटक्यात घेणार. हातातून जाणारच आहे तर आत्ताच विकून पैसे का करू नयेत?

भाऊ ल्यूसियन आणि जोसेफ विरोध करायला आले तेव्हा नेपोलियन बाथटबमध्ये होता, वाद इतका चढला की तो ताडकन उठला आणि धपकन परत पाण्यात बसला आणि जोसेफ नखशिखांत भिजला, हे ल्यूसियननेच नंतर आठवणींत लिहून ठेवलंय. ११ एप्रिल १८०३ ला परराष्ट्रमंत्री तालेराँने लिव्हिंग्स्टनला सहज विचारल्यासारखं विचारलं, सगळंच घेता का? मन्रो तर दुसऱ्या दिवशी पॅरिसला पोचला. तहावर तारीख ३० एप्रिलची आहे.

जाता जाता. हैती १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झालं, आणि १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका किनाऱ्यावर उभ्या करून "आमचं नुकसान झालं" म्हणून त्यांच्याकडून १५ कोटी फ्रँक लिहून घेतले, जे नंतर ९ कोटींवर आणले. लुइझियानाचा अख्खा सौदा ८ कोटी फ्रँकचा होता. ज्यांच्या लढ्यामुळे अमेरिका दुप्पट झाली त्यांना अमेरिकेने देश म्हणून मान्यता कधी दिली, तर १८६२ मध्ये.

दीड कोटी आणले कुठून?

तेव्हा अमेरिकन सरकारचं सगळं वार्षिक उत्पन्न एक कोटी डॉलरच्या आसपास होतं, त्यामुळे रोख देणं शक्यच नव्हतं. दीड कोटीतले साडेसदतीस लाख म्हणजे अमेरिकन व्यापाऱ्यांची फ्रान्सकडे जी जुनी येणी अडकली होती, ती फेडायचं अमेरिकेने स्वतःच्या अंगावर घेतलं. म्हणजे जमिनीवरचा बोजा घेणाऱ्याने उचलला. उरलेल्या १ कोटी १२ लाख ५० हजारांचे ६ टक्के व्याजाचे सरकारी रोखे काढले.

नेपोलियनला रोखे नको होते, त्याला लढाईसाठी कॅश पाहिजे होती. मग लंडनची बेरिंग आणि अ‍ॅम्स्टरडॅमची होप या दोन पेढ्यांनी ते रोखे सवलतीत उचलले आणि त्याला पैसे दिले, दर्शनी ६ कोटी फ्रँकच्या जागी सव्वापाच कोटीच्या आसपास. गंमत बघा, मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध परत सुरू झालं, आणि इंग्लंडवर चढाई करायच्या तयारीला लागलेल्या माणसाला इंग्रज पेढी पैसे पोचवत होती. दलाल मात्र सगळीकडून सुटतो.

आणि हेच इंग्लंड-फ्रान्स भांडण त्याच वर्षी आपल्या अंगणातही चालू होतं बरं का. शिंद्यांच्या फौजेत फ्रेंच अधिकारी आहेत ही भीती पुढे करून गव्हर्नर जनरल वेलस्लीने मराठ्यांविरुद्ध जे युद्ध काढलं त्यातली असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला १५ डिसेंबरला. त्यानंतर पाचच दिवसांनी न्यू ऑर्लिन्सला अमेरिकेचा झेंडा चढला. असई जिंकणारा, या गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली पुढे परत येईल, लक्षात ठेवा.

पण राज्यघटनेत तरतूद होती का?

नव्हती. आणि हे जेफरसनला सगळ्यात जास्त माहीत होतं, कारण त्याचं अख्खं राजकारणच यावर उभं होतं की केंद्र सरकारने घटनेत जेवढं लिहिलंय तेवढंच करावं. परका प्रदेश विकत घेऊन देशात मिसळायचा अधिकार घटनेत कुठेही लिहिलेला नव्हता. त्याने घटनादुरुस्तीचा मसुदासुद्धा लिहिला. पण ऑगस्टमध्ये पॅरिसहून पत्र आलं की नेपोलियनचं मन बदलतंय, ठरलेल्या सहा महिन्यांत मंजुरी नाही दिली तर सौदा गेला. मग साहेबांनी मसुदा गुंडाळला आणि आपल्या माणसांना कळवलं की घटनेच्या अडचणीबद्दल जितकं कमी बोलाल तितकं बरं. एका पत्रात त्याने स्वतःची तुलना अज्ञान मुलाच्या पालकाशी केली, म्हणजे पोराच्या पैशातून शेजारची जमीन घेतली, पोरगं मोठं झालं की सांगेन बाबा तुझ्या भल्यासाठीच केलं.

विरोधकांची पण उलटी गंमत. एरवी केंद्र सरकार मजबूत पाहिजे म्हणणारे फेडरलिस्ट आता घटना दाखवायला लागले. बोस्टनच्या एका पेपरने लिहिलं, जो पैसा आपल्याकडे कमी आहे तो देऊन जी जमीन आधीच जास्त आहे ती घेताय. त्यांची खरी पोटदुखी वेगळी होती. घटनेप्रमाणे पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं मोजून दक्षिणेच्या राज्यांना खासदार जास्त मिळायचे, गुलामांना मत शून्य पण त्यांच्या मालकांच्या जागा वाढलेल्या. पश्चिमेला अजून गुलामांची राज्यं झाली तर न्यू इंग्लंडला, म्हणजे फेडरलिस्टांचा जोर असलेल्या ईशान्येकडच्या राज्यांना, विचारणार कोण? भीती चुकीची नव्हती. पण सिनेटने २० ऑक्टोबर १८०३ ला २४ विरुद्ध ७ मतांनी तह मंजूर केला.

बरं, पण ताबा कोणाचा होता?

आता मुख्य मुद्दा. समजा तुम्ही जमीन घेताय. सातबारावर नाव अजून जुन्या मालकाचं, विकणाऱ्याने त्याच्याकडून घेतलीय पण फेरफार झालेला नाही, शिवाय घेताना "तिसऱ्याला विकणार नाही" असं वचन दिलेलं, हद्दी कुठल्या ते खरेदीखतात नाही, आणि जमिनीवर भलतीच माणसं पिढ्यानपिढ्या राहतायत ज्यांना या व्यवहाराचा पत्ताच नाही. कुठलाही वकील म्हणेल, पळा. लुइझियाना बरोब्बर हे होतं.

नेपोलियनने स्पेनला खरंच वचन दिलं होतं की दुसऱ्या कोणाला देणार नाही, आणि स्पेनने बोंब मारलीच. न्यू ऑर्लिन्समध्ये कारभार शेवटपर्यंत स्पॅनिशच होता, तो ३० नोव्हेंबर १८०३ ला फ्रान्सकडे दिला आणि फ्रान्सने वीस दिवसांत, २० डिसेंबरला अमेरिकेकडे. त्या दिवशी चौकात फ्रेंच झेंडा खाली येत होता आणि अमेरिकन वर जात होता, दोन्ही मध्यावर भेटले तेव्हा तोफ उडाली. ताबा घ्यायला आलेल्या दोन अमेरिकनांपैकी एक जनरल विल्किन्सन, जो गुपचूप स्पेनकडून पैसे खात होता! वर सेंट लुइसला तर मार्च १८०४ मध्ये स्पेनचा उतरवून फ्रान्सचा चढवला, तो एक रात्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा. हद्दीबद्दल विचारलं तर तालेराँचं उत्तर असं की तुम्ही छान सौदा केलाय, त्याचा पुरेपूर फायदा उठवालच. बोला आता.

आणि त्या जमिनीवर राहणारे? ओसेज, लकोटा, पॉनी, मँडन, कॅडो, अजून कितीतरी जमाती. त्यांना कूळ म्हणणंसुद्धा चूक आहे, मूळ मालकच ते. फ्रान्स-स्पेनची ठाणी नदीकाठी तुरळक, बाकीच्या भागात युरोपियन माणूस यायचा तो व्यापारी म्हणून, त्यांच्या परवानगीने. मग फ्रान्सने विकलं काय? तर एवढाच हक्क, की या प्रदेशातल्या लोकांकडून जमीन घ्यायची असेल तर बाकीच्या युरोपियन देशांनी मध्ये यायचं नाही, आधी आम्ही. याला म्हणायचं पहिल्या खरेदीचा हक्क. थोडक्यात दीड कोटी डॉलर देऊन अमेरिकेने रांगेतला पहिला नंबर घेतला. १८२३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये हे साफ लिहिलं की मूळ लोकांना राहायचा हक्क आहे, पण जमीन विकायची तर फक्त सरकारलाच.

खरी जमीन नंतर घेतली, एकेक तुकडा, एकेक तह करून, आणि ते तह कसे होते याचा एक नमुना बघा. नोव्हेंबर १८०४, सेंट लुइस. एका खुनाच्या प्रकरणात सापडलेल्या आपल्या माणसाला सोडवायला सॉक लोकांचे चार-पाच जण आलेले. गव्हर्नर हॅरिसनने त्यांच्याकडून सॉक आणि फॉक्स या दोन्ही जमातींच्या नावाने सह्या घेतल्या. नदीच्या अल्याडपल्याड कोट्यवधी एकर, बदल्यात २,२३४ डॉलर ५० सेंटचा माल आणि वर्षाला हजार डॉलरचा. आलेल्यांना जमातीने जमीन विकायचा अधिकार दिलेलाच नव्हता. मुखत्यारपत्र नसताना पुतण्याकडून सह्या घ्याव्यात तसा प्रकार. ब्लॅक हॉक नावाच्या सॉक पुढाऱ्याने हा तह कधीच मानला नाही आणि १८३२ मध्ये त्यावरूनच युद्ध झालं.

पण स्वस्तात देश मोठा झाला, यात वाईट काय?

हा प्रश्न नेहमी येतो. गहू, रेल्वे, शहरं, पुढची सगळी ताकद या जमिनीवर उभी राहिली हे खरंच आहे. पण सौदा झाल्यावर पहिला प्रश्न आला की नव्या जमिनीत गुलाम चालतील का. लुइझियानात ऊस लावला गेला, कापूस पसरला, आणि १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी असल्यामुळे व्हर्जिनिया-मेरीलँडमधून माणसं साखळ्यांत बांधून दक्षिणेला विकायचा देशांतर्गत धंदा जोरात सुरू झाला. जानेवारी १८११ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला गुलामांचा मोठा उठाव झाला आणि तो चिरडून मेलेल्यांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली. हैतीत जे जिंकले त्यांच्यामुळे मिळालेल्या जमिनीवर हे.

१८२० मध्ये मिसुरी राज्य करताना नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ ओढून भांडण तात्पुरतं मिटवलं, खाली गुलाम चालतील, वर नाही, मिसुरी अपवाद. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्याने ती रेघ पुसली आणि सात वर्षांत यादवी. ही सगळी नावं लुइझियाना खरेदीच्याच जमिनीवरची आहेत.

आणि तो वेलस्ली?

हां. १८१२ मध्ये अमेरिका-इंग्लंड युद्ध सुरू झालं, त्यात इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं, आणि शेवटी न्यू ऑर्लिन्सवर फौज आणली. त्या फौजेचा सेनापती एडवर्ड पेकनहॅम, हा वेलस्लीच्या बायकोचा भाऊ. तो ८ जानेवारी १८१५ ला तिथेच मेला. तह २४ डिसेंबरलाच युरोपात झाला होता, पण बातमी जहाजाने येणार, तोपर्यंत माणसं मरून गेली.

जिंकला अँड्र्यू जॅक्सन. या एका विजयावर तो हिरो झाला, १८२९ मध्ये प्रेसिडेंट झाला आणि १८३० मध्ये त्याने मूळ लोकांना मिसिसिपीच्या पलीकडे हाकलायचा कायदा केला. चेरोकी आणि इतर हजारो लोक चालत, मरत आजच्या ओक्लाहोमाकडे गेले. आता जेफरसनचा तो गुंडाळलेला घटनादुरुस्तीचा मसुदा आठवा, त्यात त्याने हेच लिहिलं होतं की नवी जमीन पूर्वेकडच्या मूळ लोकांना तिकडे पाठवायला वापरू.

मग ग्रीनलँड?

काकांच्या प्रश्नाचं उत्तर: घेता यायचं. १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला घेतलं, आणि १९१७ मध्ये तर डेन्मार्ककडूनच कॅरिबियनमधली बेटं अडीच कोटी डॉलरला घेतली. त्या विक्रीसाठी डेन्मार्कमध्ये सार्वमत झालं, पण बेटांवरच्या लोकांना त्यात मत नव्हतं. आणि त्याच व्यवहारात अमेरिकेने लिहून दिलं होतं की डेन्मार्कने अख्ख्या ग्रीनलँडवर हक्क सांगितला तर आमची हरकत नाही.

तेव्हापासून एक गोष्ट बदललीय. २००९ च्या स्वशासन कायद्यात डेन्मार्कनेच मान्य केलंय की ग्रीनलँडचे लोक हे स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क असलेले लोक आहेत. म्हणजे सातबाऱ्यावर आता राहणाऱ्यांचंही नाव चढलंय, आणि कोपनहेगनला एकट्याला खरेदीखतावर सही करता येत नाही.